पुढचा शब्द

प्रॉम्प्टरला नाटक दिसत नाही, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. बाकी सगळ्या गावाला दिसतं. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना डुलक्यांमधून दिसतं, मागच्या भिंतीला टेकलेल्या चहावाल्याला फुकट दिसतं. विंगेत स्टुलावर बसलेल्या माणसाला मात्र नटाचा एक कान, मानेवरची पावडर आणि दाढीची सुटत आलेली कड, एवढंच दिसतं. महानंदानं तीस वर्षं आपल्या नवऱ्याचा डावा कान बघितला. त्या कानामागे एक तीळ आहे, हे तिच्याशिवाय कुणालाच, खुद्द सिद्धरामलाही माहीत नव्हतं.

सिद्धराम दिवसा सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानात चादरी आणि साड्या विकायचा आणि संध्याकाळी राजा वज्रकेतू व्हायचा. दोन्हीकडे कामाला यायचा तो गळाच. "या ताई, बगून तर जावा, घ्या कुटं म्हणतोय मी!" ही त्याची हाक पार रस्त्याच्या टोकापर्यंत जायची आणि पुढे गेलेली बाई निमूट मागे वळायची. नाटकाचं म्हणाल, तर त्यांच्या हौशी मंडळाचं एकच नाटक होतं, 'हेमकांती'. शंभर वर्षांपूर्वी कुण्या शाळामास्तरानं रचलेलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पद्यात. गोष्ट साधीच. राजा चहाडखोर प्रधानाचं ऐकून राणी हेमकांतीला रानात घालवतो. खरं काय ते कळेपर्यंत राणी मरते. मग शेवटच्या प्रवेशात राजा तिच्यापुढे उभा राहून दिंडी वृत्तात माफी मागतो. दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत प्रयोग व्हायचा, आणि शेवटच्या प्रवेशाला बायका पदराला डोळे पुसायच्या.

मंडळाचे कर्तेधर्ते ईश्वरप्पा. लग्न होऊन आलेल्या महानंदाचं वाचन चांगलं आहे असं बघून त्यांनीच तिला स्टुलावर बसवलं आणि पहिल्याच दिवशी नियम सांगून टाकला. "वैनी, प्रॉम्प्टरनं भावना घालायची न्हाय. तुमी रडला तर नट रडत न्हाय. तळहात तोंडाशी धरायचा आन् सपाट सांगायचं, रेशनच्या दुकानात नाव पुकारत्यात तसं." महानंदानं तो नियम पाळला. राणी मेली, राज्य बुडालं, राजा धाय मोकलून रडला, हे सगळं ती दरवर्षी रेशनच्या रांगेच्या आवाजात सांगत आली.

सिद्धरामला नाटक तोंडपाठ होतं. तरीही प्रत्येक पद्याचा पहिला शब्द विंगेतून आल्याखेरीज त्याचं तोंड उघडायचं नाही. कशी लागली कोण जाणे, पण सवय होती. शेवटच्या प्रवेशात तो राणीपुढे नुसता उभा राहायचा. विंगेतून महानंदा "उघड" म्हणायची, आणि मग त्याचा गळा सुटायचा:

उघड डोळे गे एकवार राणी,
शब्द माझा तो होय आज पाणी.

लोक म्हणायचे, काय थांबतो हा माणूस त्या जागेवर, अंगावर काटा येतो! थांबतो कसला. बायकोची वाट बघत असायचा.

घरी महानंदाचा स्वतःचा एक प्रवेश होता, आणि त्याला प्रॉम्प्टर लागत नव्हता. सिद्धराम जेवून ओट्यावर बसला आणि त्यानं खिशातून मावा काढून मळायला घेतला, की ती दारात येऊन उभी राहायची. "थुका ते. थुका आदी. गळा हाय म्हणून राजा हाय तुमी. गळा गेला तर राजा जाईल, नवरा तेवडा ऱ्हाईल. आन् नुस्ता नवरा घिऊन मी काय करू?" रोज हेच. एक शब्द इकडचा तिकडे नाही. सिद्धराम सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा, आणि चिमूट गालात ठेवायचा. मुलगी लहानाची मोठी झाली, लग्न होऊन पुण्याला गेली, तरी ओट्यावरचा हा प्रयोग काही बंद पडला नाही.

मग गेल्या वर्षी त्याला गिळताना दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की गाठ स्वरयंत्राला धरून आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही. सिद्धराम टेबलाच्या कडेकडे बघत बसला. महानंदानं विचारलं, "डबा किती वाजता आणलेला चालतो हितं?"

तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. ती रडली नाही. ऑपरेशनच्या दिवशी नाही, गळ्याला भोक पाडलेला नवरा पहिल्यांदा बघितला तेव्हाही नाही. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, महानंदा लई खंबीर. खंबीर म्हणजे काय, तर जिच्याकडे बघून शेजाऱ्यांना आपलं काही करायची गरज उरत नाही, ती. खरं सांगायचं तर तिला काहीच वाटत नव्हतं. भाकरी थापताना हाताला चटका बसायचा, तोसुद्धा दुसऱ्याच कुणाला तरी बसल्यागत वाटायचा. सकाळ-संध्याकाळ ती गळ्यातली नळी काढून उकळत्या पाण्यात धुवायची, पुसायची, परत बसवायची. बघायची ते भोकाकडे. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं असतं तर काहीतरी वाटायला हवं होतं, म्हणून तिकडे ती बघतच नव्हती.

गळ्याला लावून बोलायचं एक बॅटरीचं यंत्र मुलीनं पाठवलं होतं. सिद्धरामनं ते एकदा लावलं, त्यातून स्वतःचं नाव काढलं, आणि डबीत घालून कपाटावर ठेवून दिलं. काही सांगायचं असलं तर तो मोबाईलवर लिहून पुढे धरायचा. चहा. पंखा. बरं. ओट्यावरचा प्रवेश आपोआप बंद पडला. मावा नाही, गळा नाही, बोलणार कशावर? संध्याकाळी दोघं दोन टोकांना बसायची आणि टीव्ही एकटाच बोलायचा.

एके दिवशी महानंदानं ठरवलं, की जेऊरला भावाकडे जायचं. निंगप्पाकडे चार खोल्या होत्या, भावजय मायेची होती. चार दिवस जाते असं सांगायचं आणि मग बघायचं. नळी बसवायला सिद्धराम आरशात बघून शिकलाच होता. राग आला असता तर ती भांडली असती, दुःख झालं असतं तर रडली असती. काहीच होत नव्हतं, म्हणून ती निघाली.

ती निघायच्या आतच ऋतुजा दारात उभी राहिली. ईश्वरप्पांची नात, पुण्याला नाटक शिकून आलेली, उत्साह असा की बसल्या जागी पाय हलत राहायचा. सोलापुरात निःशब्द नाटकांची स्पर्धा होणार होती. रंगमंचावर किंवा विंगेतून एक जरी शब्द ऐकू आला तरी नाटक बाद. "काका, आपण 'हेमकांती' करू या," ती म्हणाली. "वज्रकेतू तुम्हीच."

सिद्धरामनं मोबाईल उचलला. बराच वेळ लिहीत होता. पुढे धरलं तेव्हा एवढंच होतं: 'कधी?'

महानंदानं ते वाचलं. आपण सुखावायला हवं, हे तिला कळलं. त्याला म्हणाली, "तुमचा प्रयोग हुईपर्यंत थांबते. मग जेऊरला जाते." त्यानं लिहिलं, 'किती दिवस?' ती म्हणाली, "बगू."

ईश्वरप्पांना मात्र ही कल्पना मुळीच झेपली नाही. जुन्या वाचनालयाच्या हॉलमध्ये तालमीला येऊन ते खुर्चीत काठी आपटायला लागले. "पद्याचं नाटक, आन् त्यातलं पद्यच काढायचं? मग ऱ्हातंय काय त्यात? शेंगाचटणीतनं शेंगा काढल्यागत झालं की हे."

"आप्पा, पद्य काढायचंच नाहीये," ऋतुजा म्हणाली. "फक्त तोंडातून काढून अंगात घालायचंय."

आणि पोरीनं घातलंही. तिनं अतीकला हलगी घेऊन बसवलं. अतीक लग्नाच्या वरातीत वाजवायचा, पण हाताला वजन होतं. तिनं त्याच्याकडून दिंडीच्या मात्रा हलगीवर बसवून घेतल्या, त्यामुळे शब्द गेले तरी चाल राहिली. प्रधानाची चहाडी मूळ नाटकात पानंच्या पानं चालायची. ऋतुजानं प्रधानाला राजाच्या कानाशी लावला, आणि दर कुजबुजीला त्यानं राजाच्या फेट्याचा एक वेढा सोडायचा असं केलं. सगळी चहाडी संपते तेव्हा फेटा जमिनीवर असतो आणि राजाला ते समजलेलंही नसतं. ईश्वरप्पांची काठी तेव्हा पहिल्यांदा थांबली.

राणीचं पात्र ऋतुजा रंगमंचावर आणणारच नव्हती. राणी म्हणजे एक पांढरी सोलापुरी चादर. राजा लग्नात ती पसरतो, आणि राणीला घालवून देतो तेव्हा घडी घालतो. "काका, दुकानात गिऱ्हाईक न घेता उठून गेलं, की तुम्ही घडी कशी घालायचा?" तिनं विचारलं. सिद्धरामनं घातली. चारी कोपरे जुळवून, तळहातानं दाबून, वर न बघता. जन्मभर त्यानं हेच केलं होतं, पण कुणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. शेवटच्या प्रवेशात राजानं त्याच चादरीपुढे यायचं आणि 'उघड डोळे गे' या ओळीला पहिली घडी उघडायची. मग दुसरी, मग तिसरी. शेवटी आत कुणीच नाही.

ऋतुजाला प्रत्येक ओळीचा अर्थ हवा असायचा. महानंदा स्टुलावरून ओळी सांगायची, सपाट. एकदा ऋतुजानं विचारलं, "काकू, या ओळीला राजाला काय वाटत असेल हो?"

"ते मला न्हाय ठाऊक," महानंदा म्हणाली. "मी फकस्त पुढचा शब्द सांगते."

आणि नेमकं तिथंच घोटाळा झाला. पहिल्या सलग तालमीत शेवटचा प्रवेश आला. हलगी सुरू झाली. सिद्धराम चादरीपुढे गुडघ्यावर बसला, घडीवर हात ठेवला, थांबला. आणि विंगेतून स्वच्छ आवाज आला, "उघड."

सगळे हसले. महानंदानं जीभ चावली. निःशब्द नाटकाला प्रॉम्प्टर कशाला, हा प्रश्न तोवर कुणालाच पडला नव्हता. स्टूल होतं, म्हणून ती त्यावर बसली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो थांबला, हिच्या तोंडून शब्द गेला. तिनं ठरवून ओठ मिटून धरले, तरी तिसऱ्या दिवशी तो आतून सुटलाच. ऋतुजानं तिला बाजूला घेतलं. "काकू, रागावू नका. पण प्रयोगाला असं झालं तर आपण बाद. तुम्ही त्या दिवशी प्रेक्षकांत बसाल का?"

"त्यात रागवायचं काय," महानंदा म्हणाली. आणि खरंच तिला राग आला नव्हता. तीस वर्षांची जागा सुटली तर निदान काहीतरी टोचायला हवं होतं. तिनं वाट बघितली. टोचलं नाही. तिनं स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं आणि घरी जाऊन पिशवी भरली. चार साड्या, औषधाची पुडी, भावजयीसाठी चादर.

तिच्यावाचून तालमी नीट व्हायला लागल्या. अतीक हलगीवर एक जोराचा ठोका द्यायचा, तोच 'उघड'. त्या ठोक्याला सिद्धरामचा हात हलायचा. ऋतुजा म्हणाली, जमलं. रात्री सिद्धरामनं महानंदाच्या पुढे मोबाईल धरला. 'हे नाही जमलं तर मी परत उभा राहणार नाही.' ती म्हणाली, "जमंल की." आणि नळी धुवायला पाणी ठेवलं.

प्रयोगाच्या संध्याकाळी इसूफची रिक्षा आली. इसूफ गल्लीतलाच. त्याला तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, की आधी नाट्यगृह आणि प्रयोग झाला की तिथूनच तिला स्टेशनवर सोडायचं, रात्रीची पॅसेंजर आहे. पिशवी ठेवायला जागा नव्हती, म्हणून सिद्धरामनं ती मांडीवर घेतली. सगळा रस्ताभर तो पिशवीचे बंद धरून बसला होता. उतरताना त्यानं ती तिच्या हातात दिली आणि तिच्याकडे बघितलं. ती रिक्षाच्या मीटरकडे बघत होती.

नाट्यगृह निम्मंअधिक भरलेलं होतं. महानंदाला तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची मिळाली. पायाशी पिशवी. शेजारी ईश्वरप्पा, काठीवर हनुवटी टेकवून. पडदा उघडला, आणि महानंदाला एक विचित्र गोष्ट कळली. आपला नवरा समोरून कसा दिसतो, हे तिनं या नाटकात कधी पाहिलंच नव्हतं.

फेटा बांधलेला, गळ्यावर जरीचा शेला गुंडाळलेला वज्रकेतू मधोमध उभा होता. भोक झाकलेलं होतं. उरला होता तो चेहराच. त्याला दोन डोळे होते, दोन कान होते, आणि तो माणूस राजा होता. ती नुसती बघत राहिली. लग्नाची चादर पसरताना तो लाजला, म्हणजे राजा लाजला, आणि मागे कुणीतरी हसलं. प्रधानानं कानाशी लागून फेट्याचे वेढे सोडले, सभागृहात चुकचुक झाली. राजानं चादरीची घडी घातली, चारी कोपरे जुळवून, वर न बघता. ईश्वरप्पा स्वतःशीच पद्य पुटपुटत होते, त्यांना तिनं कोपरानं ढोसलं. अजून तरी तिला विशेष काही वाटत नव्हतं. चांगलं चाललंय, एवढं कळत होतं.

शेवटचा प्रवेश आला. हलगीवर दिंडी सुरू झाली, संथ. राजा आला, चादरीपुढे गुडघ्यावर बसला. घडीवर हात ठेवला.

अतीकचा ठोका पडला. हात हलला नाही.

चुकून झालं असेल म्हणून अतीकनं सगळी ओळ फिरून वाजवली आणि पुन्हा ठोका दिला. हात तिथंच. सिद्धरामनं मान वळवली आणि डाव्या विंगेकडे बघितलं. तिथं स्टूल नव्हतं. काळा पडदा तेवढा होता. तो बघतच राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राजा हळूहळू उतरायला लागला. नवी पेठेतला एक म्हातारा होत चाललेला विक्रेता तिथं गुडघ्यावर उरला. अतीकनं तिसऱ्यांदा ओळ घेतली. कुणीतरी खोकलं. मागे एक मोबाईल उजळला. उजव्या विंगेत ऋतुजाचे दोन्ही हात डोक्यावर गेलेले महानंदाला दिसले.

शब्द तिच्या घशाशी आला. तालमीत सुटायचा तोच हा, तिच्या चांगला ओळखीचा. आता तोंड उघडलं की तो सुटणार, सगळं सभागृह ऐकणार, आणि नाटक बाद. तिनं तळहात तोंडावर दाबला. शब्द आत राहिला. पण ती खुर्चीवरून उठली होती. कधी उठली ते तिलाच कळलं नाही. पिशवी पायानं लवंडली, मधल्या वाटेवर रंगमंचाचा उजेड पडला होता, त्यात ती उभी राहिली.

सिद्धरामला हालचाल दिसली. त्याची मान समोर वळली.

महानंदानं तळहात तोंडावरून काढला आणि नुसत्या ओठांनी म्हटलं, 'उघड.'

विंगेत हे सोपं असतं. तिथं श्वासाइतका आवाज पुरतो, चेहरा कुठं लावायचा हा प्रश्न नसतो. इथं आवाजच नव्हता. एवढ्या लांबून समजायचा तर शब्द सगळ्या चेहऱ्यानं काढावा लागत होता, भुवया, गाल, हनुवटी, सगळं कामाला लावून. रेशनच्या रांगेचा सपाटपणा इथं चालणारा नव्हता.

पहिली घडी उघडली.

'शब्द,' ती ओठांनी म्हणाली. दुसरी घडी उघडली. हलगी आता तिच्या ओठांच्या मागून चालत होती. अतीक वरातीतला माणूस, कुणाच्या पावलावर वाजवायचं ते त्याला बरोबर कळतं. ती पुढची ओळ देत गेली.

काय मागू मी, कोण देइ आता?
तुझ्या हाताचा दंड घेइ माथा.

ती ओळ ओठांवर असताना महानंदाला तिचा अर्थ लागला. तीस वर्षं ही ओळ तिनं सांगितली होती आणि एकदाही ऐकली नव्हती. हा माणूस बायकोची माफी मागतो आहे. माफीचे शब्द तीच त्याला दरवर्षी पुरवत आली होती, आणि तो ते दुसऱ्याच बाईपुढे म्हणत आला होता. आज दुसरी बाई नव्हती. उघडलेल्या चादरीत कुणी नव्हतं. राजा तिसऱ्या रांगेकडे बघत होता, त्याचे ओठ तिच्या ओठांमागून हलत होते, आणि त्यानं मस्तक खाली टेकवलं ते तिच्याच दिशेनं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा ती अजून उभीच होती. पोटातून काहीतरी वर येत होतं. रडू असेल असं तिला वाटलं. पण ते रडू नव्हतं. राग होता तो. एवढा राग, की तिला खुर्चीची पाठ धरावी लागली. किती महिने कुठं दडून बसला होता कोण जाणे. ईश्वरप्पा डोळे पुसत म्हणत होते, "ऐकाया आलं की हो वैनी, सगळं पद्य ऐकाया आलं." तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. पिशवी उचलली आणि ती मेकअपच्या खोलीकडे निघाली.

वाटेत ऋतुजा भेटली, रडत हसत. "काकू, परीक्षकांना विचारलं मी. एक शब्दसुद्धा ऐकू आला नाही म्हणाले. नियम आवाजाचा आहे, ओठांचा नाही..." महानंदा तिच्या बाजूनं पुढे गेली.

सिद्धराम आरशापुढे स्टुलावर बसला होता. निम्मा चेहरा पुसलेला, निम्मा अजून राजाचा. ती आत आलेली बघून त्यानं घाईघाईनं मोबाईल उचलला आणि काहीतरी लिहायला लागला. तिनं तो त्याच्या हातातून काढून घेतला, न वाचता टेबलावर पालथा ठेवला. पिशवी खाली टाकली. आणि त्याच्या चेहऱ्याकडे, सरळ चेहऱ्याकडे बघत ती म्हणाली, "थुका ते."

त्याच्या तोंडात काहीच नव्हतं. वर्षभर नव्हतं.

"थुका ते! थुका आदी!" तिचा आवाज चढला. हा आवाज तिचा तिलाही नवा होता, तो फाटत होता, त्यात कुठं सपाट जागा नव्हती. खोलीच्या दारात अतीक हलगी धरून थबकला. "किती सांगितलं तुमाला? किती वर्सं सांगितलं? गळा हाय म्हणून राजा हाय तुमी. गळा गेला तर... गळा गेला तर राजा जाईल..."

आणि ती अडली.

पुढचा शब्द येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड उघडं होतं आणि त्यातून नुसता हुंदका निघत होता. रोज दारात उभं राहून म्हटलेलं भाषण, आणि पुढचा शब्द नाही. तीस वर्षांत दुसऱ्या कुणाला तिनं असं अडकू दिलं नव्हतं. तिनं त्याच्याकडे बघितलं.

सिद्धराम स्टुलावर जरासा पुढे झुकला. त्यानं उजवा तळहात तोंडाच्या कडेला धरला, विंगेतली माणसं धरतात तसा. आणि आवाजावाचून, भावना न घालता, नुसत्या ओठांनी सांगितलं, 'नवरा.'

"नवरा तेवडा ऱ्हाईल," महानंदा म्हणाली. "आन् नुस्ता नवरा घिऊन... नुस्ता नवरा घिऊन मी काय करू?"

त्यानं मान डोलवली. ओट्यावर डोलवायचा तशीच.

दारातून इसूफनं हळूच हाक मारली, "वैनी, गाडी सुटंल की." ऋतुजानं त्याला मागे ओढलं. महानंदाला ते ऐकू गेलं नाही. तिनं पदरानं नाक पुसलं आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली, "थुका ते," आणि सिद्धराम तिच्या ओठांकडे बघत, तळहात तोंडाशी धरून, पुढचा शब्द तयार ठेवून बसला.